न्यूझीलंडची शर्यत, कोलकात्याचं घड्याळ

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या मारुतीरावांनी आयुष्यात एकही फॉर्म पुरता भरलेला नाही. नाव, गाव, तालुका, जिल्हा इथपर्यंत त्यांचं पेन सरळ चालतं. पुढं 'राज्य' असा रकाना आला की पेनातली शाई संपते. तो रकाना कोरा सोडून ते कागद खिडकीतून आत सरकवतात. आतला कारकून मुकाट्यानं तिथं 'कर्नाटक' लिहितो आणि तेवढा वेळ मारुतीराव छताच्या पंख्याकडं बघत उभे राहतात. आपल्या हातानं लिहिलं नाही, एवढ्यावर त्यांचं समाधान असतं. गॅस मिळतो, पेन्शन मिळते, रेशन मिळतं, आणि सीमालढ्याला धक्काही लागत नाही. अशा लढवय्याचं कुठलं सरकार काय वाकडं करणार?

तरुणपणी त्यांनी मोर्चात पाठीवर पोलिसाची काठी खाल्ली होती. एकच खाल्ली, पण ती ते अजून खातायत. पाव्हणा नवा असेल तर चहाच्या आधी आणि जुना असेल तर चहानंतर, ती काठी निघतेच. "एका काठीवर उभा जन्म काढला ह्यांनी," असं त्यांची बायको नागुबाई शेजारणींना सांगते, आणि मारुतीरावांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगते.

बाकीचा जन्म उद्यमबागच्या एका फाउंड्रीत लोखंड ओतण्यात गेला. पण ते पोटासाठी. जीव सगळा घोड्यांत. जत्रेतल्या घोडागाडीच्या शर्यतीत मारुतीराव गाडीवर उभे राहिले की लोक हातातली भजी टाकून बघायचे. घोड्याचा कान कुठं वळलाय यावरून त्याच्या मनात काय चाललंय हे ते सांगायचे. नागुबाईच्या मनात काय चाललंय हे मात्र त्यांना कधी कळलं नाही. तिनं कान हलवले असते तर गोष्ट वेगळी.

थोरल्या पोराला, साईराजला, चालता येण्याआधीच त्यांनी घोडीवर बसवला. पुढं पोरगं घोड्यावरून उतरेना तेव्हा बोंब मारायला सुरुवात केली. साईराज अंगानं चिमणीएवढा. फाउंड्रीत घालायचा बेत होता, पण तो पळाला पुण्याच्या रेसकोर्सवरच्या तबेल्यात. तिथून बेंगळूरला. पोरगा बेंगळूरला गेलाय ही गोष्ट मारुतीरावांनी गावापासून लपवून ठेवली. कुणी विचारलंच तर "दक्षिणेकडं हाय" एवढंच म्हणायचे. शेवटी एका एजंटानं त्याला न्यूझीलंडला नेला, सकाळी सकाळी दुसऱ्यांचे घोडे सरावाला पळवायला. तेव्हा कुठं मारुतीरावांनी मान वर करून पोराचा पत्ता सांगितला. न्यूझीलंडचा आणि आपला काही वाद नाही.

तिथं राबता राबता साईराजला शिकाऊ जॉकीचं लायसन मिळालं. वजन वाढू नये म्हणून तो अर्धपोटी राहतो, हे कळल्यावर नागुबाईनं तो देशच मनातून उतरवला. "घोड्याला हरभरा आनि माझ्या लेकराला पानी," ती म्हणाली. मारुतीरावांना मात्र गावभर हिंडायला नवं कारण मिळालं. पोरगा शर्यतीत उतरणार, आणि आपण ती जिवंत बघणार, पळत असताना. संपल्यावरची चित्रं बघण्यात त्यांना राम वाटत नव्हता. निकाल ठाऊक असलेली शर्यत म्हणजे उष्टं ताट, असं त्यांचं मत.

पण बघायची कुठं? इथं मष्णू आला. मष्णूची उद्यमबागच्या कोपऱ्यावर चहाची टपरी. अभ्यास मात्र घोड्यांवर पैसे लावण्याच्या परदेशी साइटींचा. या अभ्यासात त्यानं काय काय घालवलं हे त्याच्या बायकोला विचारावं. "अण्णा, पैशे नका लावू," मष्णू म्हणाला. "नुसतं नाव घाला. नाव घातलं की शर्यत फुकट दिसतीया."

जुगाराच्या दुकानात नाव घालायचं म्हणून मारुतीराव जरा अडले. पण मष्णू भरत गेला आणि ते बघत गेले. नाव झालं. देश विचारला, तिथं भारत घातलं. त्याला कुणाची हरकत नव्हती. आणि पुढं बघतात तर राज्याचा रकानाच नाही. जुगाऱ्यांचं का असेना, असं सभ्य ऑफिस त्यांनी जन्मात पहिल्यांदा बघितलं.

मग पडद्यावर एक चौकट आली. तुमची वेळ निवडा. खाली जगातल्या शहरांची यादी. मष्णूचा अंगठा भराभर खाली गेला आणि 'कोलकाता' या नावावर थांबला.

"ह्ये काय?" मारुतीरावांनी विचारलं.

"आपला टाइम, अण्णा. कोलकाता."

"आपला टाइम कोलकात्याचा कवापासनं?"

"सगळ्या देशाचा त्योच धरत्यात हे लोक."

"मुंबई बघ."

मष्णूनं यादी वर केली, खाली केली. मुंबई नव्हती. दिल्लीही नव्हती. मारुतीरावांनी फोन त्याच्या हातातून काढून घेतला. "एकदा न इचारता बेंगळूरला बांधलं," ते म्हणाले, "आता ह्ये कोलकात्याला बांधाय निघाल्यात."

"अण्णा, नुसतं घड्याळ हाय ते."

"पहिल्यांदा नुसतंच असतंय," मारुतीराव म्हणाले आणि चौकटीच्या कोपऱ्यातली फुली दाबून ती चौकट घालवली. त्यानंतर साइट उघडली की चौकट यायची आणि मारुतीराव फुली मारायचे. उभा जन्म रकाने कोरे सोडलेल्या माणसाला त्यात जड काहीच नव्हतं.

जड गेलं ते पुढं. वेळ न निवडलेल्या माणसाला ती साइट स्वतःच्या मनानं वेळा दाखवायची, आणि तिचं मन काही ठिकाणावर नव्हतं. पहिल्या पानावर लंडनची वेळ. शर्यतीच्या पानावर, जिथं घोडे पळणार तिथली. आणि निकालाच्या पानावर कुणाची, ते त्या दुकानाच्या मालकालाच ठाऊक. कुठंही 'ही अमुक गावची वेळ' असं लिहायची त्यांना लाज वाटत असावी. खुद्द मष्णू, कोलकाता निवडायच्या आधी, एकदा कालच पळून तबेल्यात जाऊन झोपलेल्या घोड्यासाठी देवळातल्या मारुतीला नारळ बोलला होता.

साईराजची पहिली शर्यत शनिवारी दोन वाजता, असं शर्यतीच्या पानावर दिसलं. मारुतीरावांनी वाड्या-वस्तीपर्यंत निरोप पाठवले. दुपारी सोप्यात सतरंजी पडली, व्याही आले, नागुबाईनं शिरा केला. मारुतीराव फेटा बांधून बसले. सीमा परिषदेलाही ते एवढे सजत नाहीत. दोन वाजले. पडद्यावर शर्यतीसमोर 'संपली' असं आलं. खाली निकाल होता, साईराज सातवा. शर्यत सकाळीच, मारुतीराव म्हशीला वैरण घालत होते तेव्हा होऊन गेली होती. व्याह्यांनी शिरा खाल्ला आणि "पुढच्या टायमाला" असं म्हणून गेले. त्यांना शिऱ्याचं वाईट वाटलं नसावं.

धाकटी लेक तेजस्वी बेळगावात वकिलाच्या ऑफिसात कामाला जाते. संध्याकाळी घरी आल्यावर ती म्हणाली, "आप्पा, तिथली वेळ हुती ती. आपल्या पुढं साडेसात तास हाईत ते. मला इचारायचं न्हाय काय?"

"माझ्या पोराची शर्यत बघाय मला वकिलाची गरज न्हाय," मारुतीराव म्हणाले. पण साडेसाताचा हिशेब त्यांनी मनात ठेवला. पुढच्या शर्यतीला तो त्यांनी चोख लावला, फक्त पहिल्या पानावरच्या वेळेला लावला. ती लंडनची होती. त्यामुळं ते आदल्या संध्याकाळीच फोन धरून बसले. बराच वेळ पडद्यावर काहीच हललं नाही. शर्यत रद्द झाली असणार, असं म्हणून ते जेवले आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी साईराजचा फोन आला. "आप्पा, आज सकाळी बघितलासा काय?"

परत चुकलं हे मारुतीरावांना तिथल्या तिथं कळलं. व्याही, फेटा, शिरा, सगळं एकदम आठवलं. पोराला परत 'न्हाय' म्हणायला त्यांची जीभ रेटेना.

"बघितलं की," ते म्हणाले. "लई भारी पळवलास. कसली टाच मारलीस शेवटाला. आमी हितं सगळी उभी राहिलो."



"आप्पा," साईराज म्हणाला, "माझं घोडं लंगडलं. सुटायच्या दरवाज्यातनंच माघारी नेलं त्याला. मी पळलोच न्हाय."

मग त्यानं आईला फोन द्या म्हटलं. आईशी बोलला, तिच्या गुडघ्याचं विचारलं, आणि फोन ठेवला. मारुतीरावांशी परत बोलला नाही. पुढचे कित्येक आठवडे फोन आला तो नागुबाईच्या नाहीतर तेजस्वीच्या नंबरावर. एकदा तेजस्वी परसात बोलत होती आणि मारुतीराव गोठ्यात होते. फोनचा आवाज मोठा होता. "आप्पांना सांगू नको कवा हाय ते," साईराज म्हणत होता. "उगं खोटं बोलाय लागतंय त्यांना."

पाठीवर काठी बसली तेव्हाही मारुतीराव असे खाली बसले नव्हते. म्हशीच्या शेजारी, शेणात, धोतराची पर्वा न करता ते बसून राहिले. पोरगं रागावलं असतं तर ते भांडले असते, भांडणात त्यांचा हात कुणी धरला नसता. पण ते आपली लाज राखत होतं, हे त्यांना सोसवेना. आता एकदा तरी पोराची शर्यत डोळ्यांनी बघायची, आणि पोराला ते कळलं पाहिजे, एवढंच त्यांच्या डोक्यात राहिलं.

पण म्हणून कोलकाता? ते नाही. त्यांनी तेजस्वीकडून साइटीच्या मालकांना मराठीत अर्ज पाठवला. यादीत बेळगाव घालावं, जमत नसेल तर निदान मुंबई घालावी, हा भाग कुणाचा यावर निकाल लागेपर्यंत तरी कोलकात्यानं मध्ये पडू नये, असा मजकूर. उत्तर लगेच आलं. आपल्या संदेशाबद्दल आभार, आणि खास आपल्यासाठी पहिला डाव फुकट. सीमाप्रश्नाला इतकं जलद उत्तर आजवर कुठल्याच सरकारनं दिलेलं नव्हतं, हे मारुतीरावांनाही मान्य करावं लागलं.

तेजस्वीला बापाची दया आली. "तारीख मी सांगनार न्हाय," ती म्हणाली. "दादाला शब्द दिलाय. पर घड्याळाचं त्यो काय बोलला न्हाय." तिनं यादी नीट वाचली आणि म्हणाली, "आप्पा, कोलंबोची वेळ बी आपलीच हाय. मिनिटाचा फरक न्हाय."

"कोलंबो म्हंजे लंका?"

"व्हय."

मारुतीरावांनी विचार केला. लंकेनं येळ्ळूरवर कधी हक्क सांगितलेला नव्हता. "चालतंय," ते म्हणाले. तिनं कोलंबो दाबलं आणि साइटीवरच्या सगळ्या वेळा एका दमात शहाण्यासारख्या दिसायला लागल्या. दोन दिवस मारुतीराव गावात लंकेची स्तुती करत फिरत होते. ऐकणाऱ्यांना वाटलं, म्हातारा रामायण वाचायला लागला.

मग ते रोज मष्णूच्या टपरीवर बसून शर्यतींच्या पानांवर पोराचं नाव शोधू लागले. घरी पत्र्याखाली रेंज धड टिकत नाही, आणि मष्णूकडं वायफाय. एक दिवस नाव सापडलं. येत्या बुधवारी, सकाळी साडेसात. त्यांनी घरी अवाक्षर काढलं नाही.

बुधवारी ते उजाडताच मोटरसायकल काढून उद्यमबागला आले. पहिल्या पाळीची माणसं टपरीवर चहा पीत होती. निम्मे येळ्ळूरचे, आणि निम्म्यांनी मारुतीरावांबरोबर मोर्चे काढलेले. मष्णूनं फोन बरणीला टेकवून उभा केला. बघता बघता सगळे भोवती गोळा झाले. पानावर 'थेट' असं लाल अक्षरांत आलं. मारुतीरावांनी ते दाबलं.

पडदा काळा झाला. मध्ये इंग्रजीत एक ओळ आली.

"काय म्हनतंय?" मारुतीरावांनी विचारलं.

मष्णूनं वाचलं, परत वाचलं, आणि मान खाजवली. "अण्णा, ही शर्यत श्रीलंकेत दाखवाय बंदी हाय म्हनतंय. तुमी कोलंबो घातलाय न्हवं, तुमी लंकेतच हाय असं वाटतंय त्याला."

"मी उद्यमबागंत हाय."

"मला ठाव हाय की, अण्णा. त्याला न्हाय."

कोपऱ्यात अजून एक बारीक ओळ होती. घोडे दरवाज्यात जात आहेत. मष्णूनं ती शहरांची यादी उघडली, कोलकात्यापाशी आणून ठेवली आणि हात मागं घेतला. त्यालाही कळत होतं, हे आपल्या अंगठ्यानं दाबायचं नाही.

मारुतीरावांनी एकदा वर बघितलं. समोर फाउंड्रीतला जोडीदार होता, काळ्या दिनाचा मोर्चा कधी न चुकवलेला. त्याच्या शेजारी त्याचा मेहुणा. सगळे त्यांच्या अंगठ्याकडं बघत होते. उद्या सकाळपर्यंत ही गोष्ट येळ्ळूरच्या प्रत्येक सोप्यात पोचणार, आणि पुढं दर परिषदेत कुणी ना कुणी ती काढणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

"तिकडं बघा रं जरा," ते म्हणाले.

सगळ्यांनी माना रस्त्याकडं वळवल्या. मारुतीरावांनी कोलकाता दाबलं.

पडदा उजळला. हिरवंगार मैदान, पांढरं कुंपण, आणि दरवाज्यात फुरफुरणारे घोडे. "आता बघा," मारुतीराव म्हणाले, आणि माना परत वळल्या. साईराज त्यांनी लगेच ओळखला. तोंड दिसत नव्हतं, टोपी पिवळी होती, अंगावर कुणा गोऱ्या मालकाचे रंग होते. पण घोड्यावर बसायची ती पद्धत त्यांनीच लावलेली होती, खांदे असे पाडून.

दरवाजे उघडले. शर्यत सांगणारा इंग्रजीत इतक्या भरभर बोलत होता की त्यातलं 'सायराज' एवढंच कळत होतं. साईराज आतल्या बाजूनं तिसरा पळायला लागला. अर्ध्या वाटेपर्यंत तिसराच. टपरीवरचे पुढं वाकले. मग वळण आलं आणि मारुतीरावांना घोड्याचा कान दिसला. आडवा पडला होता, म्हणजे घोडा बिथरायच्या बेतात होता.

"वढू नको," ते पुटपुटले. "वढू नको, आयघाल्या."

साईराजनं ओढला. घोडा मान वर करून बाहेरच्या अंगाला गेला, तेवढ्यात आतून चारपाच निघाले, आणि संपलं. पिवळी टोपी शेवटून दुसरी आली. कुणीतरी "पळलं की पर झ्याक" म्हणालं. मष्णूनं परत चहा ठेवला.

साईराजला वजन करून, कपडे बदलून मोकळा व्हायला वेळ लागणार हे मारुतीरावांना ठाऊक होतं. ते थांबले. पाळीची माणसं कामावर गेली. मग त्यांनी फोन लावला. पहिल्यांदा नुसताच वाजला. दुसऱ्यांदा उचलला.

"बोला, आप्पा." आवाज कोरडा होता.

काय बोलायचं ते मारुतीरावांनी रात्री ठरवून ठेवलं होतं. शाबासकी होती त्यात, माफीसारखंही काहीतरी होतं. त्यातलं एक अक्षर तोंडात आलं नाही.

"ही काय शर्यत म्हनायची?" ते म्हणाले. "वळनावर कान आडवा पडला त्याचा. तुला दिसला न्हाय? डावा लगाम वढलास. तोंड वढलं की घोडं पाय इसरतंय, हे मी तुला दुधाचे दात पडायच्या आधी शिकवलंय. गुडघा दाबायचा सोडून लगाम वढत बसला. तिसरं घोडं शेवटाला नेऊन घातलंस."

पलीकडं मागं कुणाचे तरी बूट वाजत होते, बादली आदळत होती.

"ट्रेनरबी ह्येच बोलला आता," साईराज म्हणाला. मग, "तेजीनं येळ सांगितली?"

"तिनं कशाला सांगावं? मी शोधून काढली. मष्ण्याच्या टपरीवर बसलोय. सगळी फाउंड्री बघत हुती."

"चित्र कसं दिसलं पर तुमाला? तेजी म्हनत हुती कोलंबोचा टाइम लावलाय."

मारुतीरावांनी घसा खाकरला. "लंकंत बंदी हाय म्हनं."

"मग?"

"मग काय. कोलकाता दाबलं."

फोन तुटला असं वाटून मारुतीरावांनी तो कानावरून काढून बघितला. चालू होता.

"फाउंड्रीतल्या समद्यांच्या म्होरं?" साईराजनं विचारलं.

"म्होरं. त्ये सोड आता. वळनाचं ऐक."

"ऐकतोय, आप्पा," साईराज म्हणाला. "आनि काय काय चुकलं, सांगा."

मारुतीरावांनी बाक पुढं ओढला, बसले, आणि दरवाज्यातून घोडं सुटलं तिथपासून सांगायला सुरुवात केली.